नोंद आढळली नाही

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात ज्याने आयुष्याचा उत्तम भाग घालविला आहे अशा माणसाला एक गोष्ट हळूहळू कळून चुकते, ती अशी की, वाचक जे मागतो ते त्याला हवे असलेले पुस्तक नसते. हव्या असलेल्या पुस्तकाचा जो काही अंश त्याच्या स्मरणात उरला असेल तेवढाच तो मागत असतो. तो अंश कधी नावाचा असतो, कधी ग्रंथकाराच्या आडनावाचा, पुष्कळदा वेष्टनाच्या रंगाचा, आणि क्वचित ते पुस्तक प्रथम ज्या घरी पाहिले त्या घराचा. तालिकेला यांपैकी पहिल्या दोनच गोष्टी ठाऊक असतात, आणि त्याही तिच्या दप्तरी ज्या अक्षरांनी दाखल झाल्या असतील त्याच अक्षरांनी. ज्याला थोडे आठवते आणि पुष्कळ हवे असते असा वाचक एकीकडे, आणि जिच्यापाशी सर्व काही आहे पण नेमके विचारल्यावाचून जी काहीच सांगत नाही अशी तालिका दुसरीकडे, या दोघांमध्ये मध्यस्थी करण्यात पुण्याच्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयातील माझी नोकरी खर्ची पडली.

माझी उमेदवारी कार्डांच्या काळात झाली. लाकडी कपाटाच्या खणांत पाच इंच लांब आणि तीन इंच उंच अशी कार्डे दाटीने उभी असत, त्यांच्या तळाच्या भोकांतून एक धातूची सळई ओवलेली असे, आणि कोणी कार्ड उपसून नेऊ नये एवढाच त्या सळईचा हेतू होता. ही व्यवस्था जुनाट आहे असे आम्ही सर्वजण मोठ्या उत्साहाने म्हणत असू. परंतु तिच्या ठिकाणी एक असा गुण होता की जो ती गेल्यानंतरच ध्यानी आला. ‘आपटे’ या आडनावाचा खण जो वाचक उघडी, त्याच्या बोटांखालून त्याला नको असलेली कार्डेही जात. हव्या त्या आपट्यांपर्यंत पोचण्यापूर्वी तो चार नको असलेल्या आपट्यांना भेटे, आणि त्या भेटीत पुष्कळदा त्याच्या लक्षात येई की आपण ज्याला ‘ह. ना.’ समजत होतो तो वस्तुतः ‘ना. ह.’ आहे. चूक दुरुस्त करणारे दुसरे कोणी तेथे नसे. शेजार तेवढा होता. संगणक आला आणि शेजार नाहीसा झाला. आता वाचक एका रिकाम्या चौकटीत आपले शब्द टंकतो, कळ दाबतो, आणि एक अक्षर जरी इकडचे तिकडे झाले असेल तर पांढऱ्या पडद्यावर चार शब्द उमटतात: ‘एकही नोंद आढळली नाही’.

हे वाक्य मला नेहमीच अर्धसत्य वाटत आले आहे. पुस्तक संग्रही नाही. पुस्तक आहे, पण त्याच्या नावाचे लेखन निराळे आहे. किंवा पुस्तक आहे, पण ते भलत्याच नावाखाली दाखल झाले आहे. या तिन्ही अवस्थांत यंत्र तेच एक वाक्य उच्चारते, आणि वाचक त्याचा पहिलाच अर्थ घेऊन घरी जातो. खणापुढे उभा राहून हताश झालेला माणूस निदान टेबलापाशी येऊन कुरकूर करी. पडद्यापुढे हताश झालेला माणूस काहीएक न बोलता निघून जातो, आणि त्याची फिर्याद कोणाच्याच कानी पडत नाही.

एकदा एक वयस्कर गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. संगणकावर त्यांनी निरनिराळ्या प्रकारांनी प्रयत्न करून पाहिला होता आणि प्रत्येक वेळी तेच चार शब्द त्यांच्या वाट्याला आले होते.

‘ह. ना. आपट्यांची ‘कुंकू’ आपल्याकडे नसावी, हे मला चमत्कारिक वाटते,’ ते म्हणाले. स्वरात किंचित उपहास होता, आणि तो अगदीच अस्थानी होता असे नाही.

‘आपण ती पूर्वी वाचली आहे, की पाहिली आहे?’ मी विचारले.

ते क्षणभर थांबले. ‘पाहिली आहे. वाचायची राहूनच गेली.’

एवढ्यावर काम झाले. व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातसाठी ‘कुंकू’ हा चित्रपट काढला, त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’. आणि ज्या कादंबरीवरून तो घेतला तिचे नाव ‘न पटणारी गोष्ट’, तिचे कर्ते नारायण हरि आपटे. ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिणारे हरि नारायण आपटे १९१९ सालीच निवर्तले होते; नारायण हरि हे त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेले स्वतंत्र कादंबरीकार, ज्यांच्या ‘भाग्यश्री’वरून प्रभातनेच १९३४ साली ‘अमृतमंथन’ काढला. म्हणजे त्या गृहस्थांनी टंकलेल्या शब्दांपैकी आडनावाखेरीज एकही शब्द तालिकेच्या दृष्टीने बरोबर नव्हता. आणि तरीही त्यांची आठवण खोटी होती असे म्हणण्याची माझी तयारी नाही. त्यांना चित्रपट बिनचूक आठवत होता, आडनाव बिनचूक आठवत होते, आणि त्या आडनावापुढे महाराष्ट्रातील कोणत्याही सुशिक्षिताच्या जिभेवर जी आद्याक्षरे आपोआप येतात ती त्यांनी सद्हेतूनेच लावली होती. तालिकेने त्यांच्याकडून मागितले ते त्यांच्यापाशी नव्हते, आणि त्यांच्यापाशी होते ते तालिकेने मागितले नाही.

अमेरिकेतील रॉबर्ट टेलर नामक ग्रंथालयशास्त्रज्ञाने १९६८ साली लिहिलेल्या एका निबंधात वाचकाच्या गरजेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: मनात नुसतीच जाणवणारी, मग स्वतःपुरती स्पष्ट झालेली, मग शब्दांत नीट मांडता येणारी, आणि शेवटी ग्रंथालयाच्या पद्धतीत बसावी म्हणून कापूनछाटून घेतलेली. टेबलापाशी येतो तो हा चौथा अवतार. वाचक बिचारा आपल्या मते आम्हांला सोयीचे व्हावे म्हणून मूळ प्रश्नाची छाटणी करूनच येतो, आणि त्या छाटणीत नेमका उपयोगाचा भाग गळून पडलेला असतो. ‘कुंकू’च्या गृहस्थांनी चित्रपटाचा उल्लेख गाळला, कारण ग्रंथालयात येऊन चित्रपटाचे नाव काढणे त्यांना अप्रस्तुत वाटले असावे. डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचवा हे सूत्र प्रत्येक ग्रंथालयाच्या भिंतीवर टांगलेले असते. माझा अनुभव असा की, आरंभी दोन निरुपयोगी वाटणारे प्रश्न विचारण्यात त्याचा जो वेळ आपण घालवितो, त्यानेच त्याचा पुढचा सबंध वेळ वाचतो.

अशा प्रश्नांकडे मी न्यायाधीशाने साक्षीदाराच्या जबानीकडे पाहावे तसे पाहू लागलो. साक्षीदार प्रामाणिक असतो, तरी त्याच्या जबानीतील सर्व वाक्ये सारख्या वजनाची नसतात. कोणते त्याने प्रत्यक्ष पाहिले, कोणते ऐकले, आणि कोणते दोहोंच्या मधली फट बुजविण्यासाठी आपल्या पदरचे घातले, याची निवड करावी लागते. वाचकाला आडनाव सहसा बरोबर आठवते, आद्याक्षरे सहसा आठवत नाहीत. पुस्तकाच्या नावातील नाम टिकते, विशेषण जाते, आणि एकवचन-अनेकवचन तर मुळीच टिकत नाही. प्रकाशनाचे वर्ष कोणी सांगू लागला की ते वर्ष पुस्तकाचे नसून सांगणाऱ्याच्या आयुष्याचे आहे असे मी धरून चालतो. ‘साठ-एकसष्ट साल असेल’ याचा अर्थ बहुधा ‘मी तेव्हा मॅट्रिकला होतो’ एवढाच निघतो, आणि पुस्तक त्यापूर्वी वीस वर्षे छापलेले असू शकते. वेष्टनाच्या रंगाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात. त्याचा उपयोग मात्र होत नाही. कारण सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक दोनचार वर्षांत बांधणीला जाते आणि परत येते ते सर्व पुस्तकांच्या अंगावर असते त्याच कापडात. ‘निळ्या रंगाचे, जाडसर’ पुस्तक शोधीत आलेल्या बाईंना मी आमचे फडताळ दाखवीत असे. त्यात सगळीच पुस्तके मातकट आणि सगळीच जाडसर.

येथवरच्या अडचणी जगातील कोणत्याही भाषेत संभवतात. मराठीत त्यांच्यावर आणखी एक थर चढतो, आणि त्याची दाद संगणकाची आज्ञावली रचणाऱ्या मंडळींना फार उशिरा लागली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत भर घातली, तेव्हा अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. परंतु त्यापूर्वी छापलेली पुस्तके संग्रहातून गेली नाहीत. त्यामुळे एकाच कपाटात ‘गांव’ आणि ‘गाव’, ‘नांव’ आणि ‘नाव’ असे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ हा १९१५ सालचा ग्रंथ पाहा. त्याच्या नावात अनुस्वार आहे, मध्ये संयोगचिन्ह आहे, आणि ग्रंथकाराच्या आडनावाच्या आरंभी दीर्घ ‘आ’ आहे. आजचा विद्यार्थी ‘गावगाडा’ असे एका शब्दात, अनुस्वारावाचून लिहितो, आणि ग्रंथकार म्हणून ‘अत्रे’ असे घालतो. पहिल्या चुकीने त्याला काहीच मिळत नाही. दुसऱ्या चुकीने फार मिळते, कारण प्रल्हाद केशव अत्रे यांची नाटके, विडंबने आणि आत्मचरित्राचे खंड मिळून पडदा भरून जातो. ग्रामव्यवस्थेचा अभ्यास करू निघालेल्या मुलापुढे ‘झेंडूची फुले’ येऊन पडतात तेव्हा त्याने हसावे की रडावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

याखेरीज विसर्ग. ‘कळ्यांचे निःश्वास’ या नावातील विसर्ग कळफलकावर कोठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते; ते तेथे इंग्रजीतील अपूर्णविरामाची दोन टिंबे देतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला सर्वस्वी भिन्न. आमच्याच कारकुनांनी नोंदी घालताना निम्म्या ठिकाणी टिंबे आणि निम्म्या ठिकाणी विसर्ग दिला होता, म्हणून बरोबर टंकणाराही निम्मी पुस्तके गमावीत असे. इंग्रजी शब्दांच्या आरंभी येणारा ‘ॲ’ तर तीन रूपांत दाखल झालेला आढळला. २००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळण्यापूर्वी कोणी ‘अ’वर चंद्र चढविला होता, कोणी ‘ए’वर, आणि पुढे कोणी नवे अक्षर वापरले. युनिकोडच्याही आधीच्या काळात श्रीलिपीसारख्या टंकांत भरलेल्या नोंदी तर नव्या व्यवस्थेत आल्यावर रोमन लिपीतील अक्षरांची निरर्थक रास होऊन बसल्या होत्या. त्या कोणत्याही शुद्ध वा अशुद्ध प्रश्नाला सापडणे शक्यच नव्हते, आणि प्रत्येकीची दाखल नोंदवहीशी रुजुवात घालून त्या पुन्हा लिहाव्या लागल्या. हे काम कंटाळवाणे होते, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अदमासाने शोधण्याच्या ज्या युक्त्या पाश्चात्त्यांनी काढल्या, त्यांची ओळख मला या खटपटीत झाली. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली अमेरिकेत एका पद्धतीचे पेटंट घेतले. हीच पुढे थोड्याफार फरकाने ‘साउंडेक्स’ या नावाने रूढ झाली. तीत आडनावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चारस्थानानुसार आकडे द्यायचे, म्हणजे सारख्या ध्वनीची आडनावे एका सांकेतिक खुणेखाली येतात. अमेरिकेच्या जुन्या खानेसुमारीतील माणसे हुडकण्यासाठी तिचा मोठा उपयोग झाला. आमच्याकडील रोमन लिपीतील नोंदींना ती लावून पाहिली तेव्हा काळे, कोळी आणि कौल या तिघांची एकच खूण निघाली. आणि ज्यांचे एकच आडनाव पुण्याकडे एका तऱ्हेने आणि वऱ्हाडात दुसऱ्या तऱ्हेने रोमनमध्ये लिहितात ते जाधव, शेवटी ‘व्ही’ येतो की ‘ओ’ एवढ्यावरून, दोन निराळ्या खुणांखाली गेले. वाघांचे तर पहिलेच अक्षर कोणी एक आणि कोणी दुसरे लिहीत असल्यामुळे त्यांची भेट होण्याची आशाच नव्हती. ज्या कानासाठी ही पद्धत रचली तो कान मराठी नव्हता, हा काही तिचा दोष म्हणता येत नाही.

दुसरी युक्ती रशियन गणिती लेव्हेन्श्टाइन यांची, १९६५ सालची: एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे घालावी, काढावी वा बदलावी लागतात ते मोजायचे, आणि तितके त्या दोन शब्दांतील अंतर मानायचे. कल्पना सुरेख आहे. परंतु देवनागरीत यंत्र ज्याला अक्षर म्हणते ते आपल्या बाराखडीतील अक्षर नव्हे. हलन्ताची खूण, मात्रा, वेलांटी हे सर्व त्याच्या हिशेबी स्वतंत्र घटक असतात. म्हणून ‘शृंगार’ आणि ‘श्रुंगार’ यांच्यामध्ये, जेथे मराठी कानाला भेद जवळजवळ ऐकूच येत नाही, यंत्राला तीन घटकांचे अंतर दिसते. आणि ‘काळ’, ‘गाळ’, ‘माळ’, ‘फाळ’ हे अर्थाने परस्परांचे काहीएक न लागणारे शब्द मात्र एकेकाच घटकाच्या अंतरावर बसतात. ज्याने चूक केली तो दूर राहतो, आणि ज्याचा काही संबंध नाही तो दारात येऊन उभा राहतो.

शेवटी आम्ही ठरविले ते असे. प्रत्येक नोंदीचे मूळ लेखन अबाधित ठेवायचे, आणि तिच्या पाठीमागे वाचकाला न दिसणारे एक दुसरे, सैल केलेले रूप तयार करायचे. या रूपात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसलेला असेल, ‘ऋ’ची चिन्हे ‘रु’मध्ये मिळालेली असतील, ‘त्रिंबक’ आणि ‘त्र्यंबक’ एक झालेले असतील, विसर्ग, संयोगचिन्हे आणि अनुस्वार गळालेले असतील. वाचकाच्या प्रश्नालाही हाच संस्कार करून मग दोघांची गाठ घालायची. मसुदा सर्वांना पसंत पडला. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारले, ‘आणि मग चिंता आणि चिता यांचे काय करणार?’ संस्कृत सुभाषितकारांनी ज्या एका बिंदूवर पूर्वीच खेळ करून ठेवला आहे तो आमच्या नियमाने सपाट झाला होता. त्याच ओघात ‘दिन’ आणि ‘दीन’ एक झाले, ‘सुत’ आणि ‘सूत’ एक झाले, आणि वस्त्रोद्योगावरील पुस्तक मागणाऱ्याला कर्णाची चरित्रे मिळण्याची सोय झाली.

यातील मूळ पेच इंग्लंडात क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी साठ सालच्या आगेमागे केलेल्या प्रयोगांत पुरेसा उघड झाला होता: जाळे जितके रुंद टाकावे तितके हवे ते सुटण्याचे भय कमी होते, आणि नको ते सापडण्याचे भय वाढते. तेव्हा आम्ही अनुस्वार गाळला, पण सर्वांना एका पंक्तीला बसविले नाही. जे अक्षरशः जुळते ते सर्वांत वर, जे सैल रूपाने जुळते ते त्याखाली, आणि प्रत्येकापुढे ते का दाखविले आहे याचा दोन शब्दांचा खुलासा. हा खुलासा देण्याचा आग्रह माझा होता आणि तो मी आजही सोडणार नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने एका सालचा अधिनियम मागावा आणि यंत्राने जवळचा म्हणून दुसऱ्या सालचा, पुढे दुरुस्त झालेला, काही न सांगता हाती द्यावा, हे ‘नोंद आढळली नाही’ या उत्तरापेक्षा कितीतरी वाईट. कारण नकार ऐकलेला माणूस निदान आणखी कोठे चौकशी करतो, आणि भलतेच पुस्तक मिळालेला माणूस खातरजमा न करता ते वापरू लागतो.

वाचकांच्या स्वभावाचा एक विशेष या काळात ध्यानी आला. पहिल्या प्रयत्नात काही मिळाले नाही की माणूस प्रश्न लहान करीत नाही, तो वाढवितो. ‘बलुतेदार’ एवढा एकच शब्द टंकला असता तर ज्याचे काम झाले असते, तो ‘मराठी गाव बलुतेदार इतिहास माहिती पुस्तक’ असे टंकतो, कारण समोरचा माणूस न समजल्यासारखे करू लागला की आपण अधिक खुलासा करतो, तीच सवय तो यंत्रापुढे चालवितो. यंत्राला मात्र सर्व शब्द एकत्र असलेली नोंद हवी असते, आणि ‘माहिती’ हा शब्द कोणता ग्रंथकार आपल्या ग्रंथाच्या नावात घालील? केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली असे मांडले की, जो शब्द संग्रहात थोड्याच ठिकाणी येतो त्याला अधिक वजन द्यावे आणि जो सर्वत्र येतो त्याला कमी. टेबलावरचा अनुभवी माणूस हे नकळत करीतच असतो. मराठी ग्रंथालयात ‘मराठी’, ‘इतिहास’, ‘चरित्र’ हे शब्द जवळजवळ निर्वजन आहेत. ‘बलुतेदार’ ऐकताच मात्र हात आपोआप आत्र्यांकडे वळतो. हे वजनाचे गणित यंत्रात घातल्यावर तक्रारी जितक्या कमी झाल्या तितक्या दुसऱ्या कोणत्याही सुधारणेने झाल्या नाहीत, असे माझे मत आहे.

टोपणनावांचे प्रकरण या सर्वांहून निराळे. तेथे अक्षरांचा दोष नसतो. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, गोविंदाग्रज म्हणजे गडकरी, माधव जूलियन म्हणजे पटवर्धन, आरती प्रभू म्हणजे खानोलकर, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणून त्यांची अडचण नाही. ‘अनिल’ या नावाने शोधले तर त्या नावाच्या यच्चयावत लेखकांची गर्दी जमते आणि आत्माराम रावजी देशपांडे मागे राहतात. कवी ‘बी’ यांच्यावर तर यंत्राने उघड अन्याय केला. एका अक्षराचा शब्द शोधण्यास त्याने साफ नकार दिला, आणि ‘फुलांची ओंजळ’ हे नाव ज्याला आठवे त्यालाच नारायण मुरलीधर गुप्ते भेटत. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच गुंतागुंतीचे होते. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने निघाले. लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे, आणि विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एकाच व्यक्तीची पुस्तके तीन आडनावांखाली विखुरण्याचा हा सरळ रस्ता होता. कार्डांच्या काळी आमच्या पूर्वसूरींनी अशा ठिकाणी ‘पाहा’ असे एकच क्रियापद लिहिलेले कार्ड घालून ठेवले होते, जे वाचकाला एका खणातून दुसऱ्या खणाकडे सभ्यपणे पाठवी. संगणकीकरणाच्या घाईत या कार्डांना पुस्तके नाहीत म्हणून त्यांची नोंदच केली गेली नव्हती. रद्दीत जाण्यापूर्वी ती हाती लागली हे नशीब. माझ्या मते त्या जुन्या तालिकेतील सर्वांत अधिक बुद्धी त्या कार्डांत होती.

सालांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा शके घातलेला असतो, आणि नोंद करणाऱ्याने शकाचा आकडा तसाच सनाच्या रकान्यात उतरला की पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होते. शके १८२० चे, म्हणजे इसवी सन १८९८ च्या सुमाराचे, पुस्तक अशा रीतीने १८२० चे ठरे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले हे ज्याला ठाऊक आहे त्याला अशी कादंबरी किंवा असे नाटक पाहताच संशय यावा, परंतु यंत्राला संशय येत नाही. अशा प्रसंगी शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची आम्हांला तारी. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांचा तो दाखला एका माणसाने किती चिकाटीने जमविला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून तिची पाने उलटणे मला कधी जमले नाही.

निवृत्तीनंतरही ग्रंथालयात माझे जाणेयेणे आहे, आणि तालिकेचे काम आता ज्याच्याकडे आहे तो तरुण मला अधूनमधून सल्ल्यासाठी बसवून घेतो. निष्फळ झालेल्या सर्व प्रश्नांची एक बारनिशी यंत्र आपोआप ठेवते हे त्याने मला दाखविले, तेव्हा इतकी वर्षे गुपचूप निघून गेलेल्या माणसांची फिर्याद प्रथमच वाचावयास मिळाल्यासारखे वाटले. तीत ‘कुंकू’ होतेच. माझे म्हणणे असे पडले की, नोंद न मिळाल्यास यंत्राने मी विचारीत असे तो प्रश्न विचारावा: वाचली की पाहिली?

‘सर, लोक आता घरून फोनवर शोधतात,’ तो म्हणाला. ‘उलट प्रश्न विचारला की ते पान बंद करतात. टेबलापाशी माणूस थांबतो, कारण समोर आपण बसलेले असता.’

यावर मजजवळ उत्तर नव्हते. शेवटी अशी तडजोड निघाली की, यंत्राने विचारू नये, दाखवावे: अक्षरशः जुळणारे काही नसेल तर त्याच उच्चाराची नावे, त्याच आडनावाचे इतर ग्रंथकार, आणि त्या नावाचा चित्रपट वा नाटक ज्यावर आधारले असेल ते पुस्तक. पहिल्या दोन गोष्टी यंत्र स्वतः करते. तिसरीसाठी प्रत्येक नोंदीत कोणी तरी हाताने टिपण लिहावे लागते. ‘न पटणारी गोष्ट’पुढे ‘कुंकू’, ‘भाग्यश्री’पुढे ‘अमृतमंथन’, ‘बेघर’पुढे ‘उंबरठा’, आणि अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’पुढेही ‘सिंहासन’, कारण १९७९ चा तो चित्रपट दोन कादंबऱ्यांवरून घेतला आणि नावाने शोधणाऱ्याला एकच मिळते. ही टिपणे सध्या देवघेवीवरचे आमचे एक जुने शिपाई तोंडी सांगतात, ज्यांनी पुण्यातील चित्रपटगृहांत लागलेला एकही मराठी चित्रपट सोडलेला नाही, आणि तो तरुण ती टंकित करतो. हिंदी आवृत्तीचे नाव त्याच टिपणात द्यावे की तिच्यासाठी निराळे ‘पाहा’ घालावे, यावर दोघांचा वाद अजून चालू आहे. मी शिपाईबुवांच्या बाजूचा आहे.